अण्णा जेवताना बोलत नाहीत

अंबिकेच्या लालबागच्या खोलीत जेवताना कुणी गप्प बसलं, तर एक तर भांडण झालेलं असायचं, नाहीतर ताप आलेला. एरवी घरातले सगळे एकदम बोलणार आणि वर शेजारीण दारातून भर घालणार. त्यामुळे दादरला, लेकीसाठी पाहिलेल्या घरी पहिल्यांदा जेवायला बसली आणि इथे काहीतरी बिनसलंय, असंच बाईला वाटलं.

तोवर सगळं कसं छान चाललं होतं. मुलाचे, म्हणजे उन्मेषचे, वडील अण्णा आपुलकीनं चाळीची चौकशी करत होते. "लग्नाचं जेवल्यावर बोलू," म्हणाले आणि ताटावर बसले. बसले ते मिटलेच. उन्मेष गप्प, त्याची आई सुमेधाही गप्प. आवाज काय तो भांड्यांचा.

अंबिकेनं घरून काळ्या वाटाण्याचं सांबारं नेलं होतं, स्वतः खोबरं भाजून, वाटून केलेलं. "तिखट नाय ना झालं?" तिनं विचारलं. अण्णांनी मान हलवली. हो की नाही, देव जाणे. मग ती चाळीच्या गणपतीबद्दल बोलली, पाण्याबद्दल बोलली, झालंच तर स्वतःच्या गुडघ्याबद्दलही बोलली. कुणी हूं की चूं करेना.

आता जेवताना मौन पाळायचं ही या घरातली आजोबांपासूनची रीत. ती पाहुण्यांना सांगावी लागते, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. चपला बाहेर काढा, हे सांगतं का कुणी? लेक श्रेयाही इथे पहिल्यांदाच जेवत होती, तिला तरी काय ठाऊक. अंबिकेनं मनाशी धरलं, झालं, मोडलं लग्न. गिरणीकामगाराची पोर यांना नको. आणि पोर तर उन्मेषवर जीव टाकून बसलेली.

अंबिकेला रडूच आलं. ताट सारून ती उठली. "पसंत नसेल तर तोंडानं सांगा हो. असं गप्प राहून माणसाला मारू नका. चल गो, श्रेया."

उन्मेषचा घास हातातच राहिला. अण्णांनी हातानं थांबा अशी खूण केली, पण ती कसली थांबतेय. तेव्हा जेवताना जन्मात कधी न बोललेल्या त्या माणसानं तोंडातला घास कसाबसा गिळला.

"विहीणबाई, बसा," अण्णा म्हणाले. "सांबारं वाढा अजून."

सुमेधा नवऱ्याकडे बघतच राहिली. मग तिनं अंबिकेच्या कानाशी येऊन घरची रीत सांगितली.

"पण विहीणबाई म्हणाले ना?" अंबिकेनं खात्री करून घेतली.

सुमेधा हसून हो म्हणाली. अंबिकेनं डोळे पुसले, अण्णांच्या ताटात सांबारं वाढलं आणि पुन्हा जेवायला बसली. परत सगळे गप्प झाले. आता कुठे तिला घासाची चव लागली.