कडेची उपाशी ओळ

आपणच पेरलेला मका कुणी आपल्याच हाताने उपाशी ठेवतं का, सांगा?

भाद्रपदातलं पिवळं ऊन वांकिडी गावामागच्या टेकडीवर कललं की मला गोदाआत्या दिसते. डोक्यावर शेणखताची टोपली, पदर कमरेला खोचलेला, डोंगराच्या कुशीकडे वाकलेली. उतारावर दगडी बांध रचून तिने शेताच्या तीन पायऱ्या उभ्या केल्या होत्या. खालच्या दोन खत घालून काळ्याभोर केल्या आणि मका डोक्याच्या वर गेला, त्याच साली देशमुखाचा कारभारी घोड्यावरून आला. ‘ही जमीन आमची’ एवढंच म्हणाला. तक्रार ज्याच्याकडे करायची, तो निजामाचा अंमलदार देशमुखाच्याच ओसरीवर जेवत होता.

उरली वरची एक पायरी. मागे कडा, खाली देशमुख. खत घालावं तर जमीन जाणार. न घालावं तर कणसात दाणा भरणार नाही.

म्हणून आत्या खत फक्त आतल्या ओळींना घाली. रस्त्यावरून दिसणारी कडेची ओळ कोरडी ठेवी. रोगट, पिवळी, पडद्यासारखी. त्या पडद्याआड गर्द मका वाऱ्याने सळसळला की ती दचकून रस्त्याकडे पाही. पिकाचा आवाजही तिला मोठा वाटे. याला मी शेती म्हणत नाही. ही कैद होती आणि तिचं कुंपण कैद्यानेच पेरलेलं होतं.

एका वर्षी पावसाने आतलं खत वाहून कडेला आणलं. उपाशी ओळ हिरवीगार झाली, कणसांना रेशमी केस फुटले. मी वर गेलो तेव्हा आत्या मक्याची ताटं उभीच ठेवून खुरप्याने त्यांची मुळं तोडत होती.

“काऊन तोडून राह्यली, आत्या?”

“कारभारी येनार हाय. खालून हिरवं दिसलं तं हेबी गेलं समज.”

मी पेटलो. खिशातलं चळवळीचं पत्रक काढून जमीन कसणाऱ्याच्या हक्काचं वाचू लागलो. तिचं खुरपं थांबलं नाही.

“वाच, बाप्पा, वाच. तुह्या कागदावर मका उगवते का? उगवत असन तं आन इकडं, शेन टाकते त्याले.”

मी पत्रक खिशात कोंबलं आणि दुसरं खुरपं घेतलं. तुटल्या मुळांना ओल्या शेणाचा वास येत होता.

कारभारी आला तोवर ओळ वाळली होती. त्याने घोड्यावरूनच वर पाहिलं, थुंकला आणि निघून गेला. पायरी वाचली.

पुढे निजामशाही गेली, तो घोडाही गेला. आत्याने मात्र मरेपर्यंत कडेला खत घातलं नाही. टोपली तिथवर नेई आणि हात आपोआप मागे वळे. आज ती नाही. काळाने तिला नेलं, पण ती पिवळी ओळ माझ्या आठवणीत अजून पहाऱ्यावर उभी आहे.

तुमच्याही उतारावर अशी एखादी ओळ असेल. येत्या पेरणीला खताचं पहिलं टोपलं तिला घाला. रस्त्यावरून दिसेल असं.