देवराईतली खुरपणी

कोपरगावच्या मुक्ताबाईंनी उभ्या जन्मात एकटीने प्रवास केला नव्हता. लग्नकार्य असो वा देवदर्शन, मागेपुढे मुलासुनांचा ताफा ठरलेला. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेची तारीख निघाली आणि यापुढे चढउतार कायमचे बंद, असे डॉक्टरांनी बजावले, तेव्हा मात्र त्यांनी घरात जाहीर केले, "त्याआधी मी शेकरू पाहणार. एकटी. तुम्ही सोबत आलात, तर कलकलाटाने झाडेसुद्धा पळतील."

हरिश्चंद्रगडाच्या पाठीशी असलेल्या वाडीत त्या पाहुण्यांना घरी उतरवून घेणाऱ्या दगडाबाईंकडे उतरल्या. सकाळी दगडाबाईंनी त्यांना देवराईच्या कडेपर्यंत पोहोचवले.

"आक्का, चपला हितंच काढायच्या. आतलं पान तोडायचं न्हाई. वाळली काटकीबी उचलायची न्हाई."

"अहो, उसाच्या बांधावर जन्म गेला माझा. झाडांशी कसे वागायचे, ते मला सांगता?"

"म्हनूनच सांगते," दगडाबाई हसल्या. "उसवाल्यांचे हात लई वळवळत्यात. नजर वर ठेवा, हात खाली ठेवा. जावा!"

अनवाणी पावलांना ओल्या पानांचा गारवा लागला आणि मुक्ताबाई आत शिरल्या. त्यांनी पाहिलेले ढग नेहमी उसावरून, उंचावरून जायचे. इथे ढग जमिनीवर उतरला होता. तो खोडांमधून पाहुण्यासारखा सावकाश फिरत होता आणि जिथे टेकेल तिथे पाण्याचे थेंब ठेवून जात होता. पाऊस नव्हता, तरी अवघे रान ठिबकत होते. जांभळीच्या फांद्यांनी शेवाळाच्या बाह्या चढवल्या होत्या. कुठेतरी एक कस्तूर पक्षी माणसासारखी शीळ घालत होता. मुक्ताबाईंनी नकळत पदर डोक्यावर घेतला.

उंच हिरड्याच्या शेंड्याशी काटक्यांचा मोठा गोळा दिसला. शेकरूचे घरटे! त्या खोडाला टेकून उभ्या राहिल्या. वरचा पाला हलला. तांबूस, झुपकेदार शेपटीचे टोक फांदीखाली लोंबले. मुक्ताबाईंनी श्वास रोखला.

श्वास रोखला, पण हात राहिला नाही. डोळ्यांसमोरच्या फांदीवर जाड पानांचा एक झुबका चिकटला होता. घरच्या आंब्यावरचे बांडगूळ दिसले की उपटायचे, ही हाताची जन्माची सवय. मनाला कळण्याआधी हाताने झुबका धरून ओढला. फांदी झटक्याने वर गेली, पाण्याचा सडा कोसळला. वर एक कर्कश चीत्कार उठला आणि शेपटी ढगात नाहीशी झाली.

मुक्ताबाईंनी हातातल्या झुबक्याकडे पाहिले. बांडगुळाची मुळी लाकडात घुसते. याची पांढरी मुळे सालीवर नुसती बिलगून होती. झाडाचे काहीही न घेणारी ती आमरी होती, रानातले ऑर्किड.

ज्या बाईपुढे घरात कोणी मान वर करत नसे, तिची मान खाली गेली. शेकरू गेले, ते गेलेच. पण ही आमरी अशी टाकून जाणे त्यांना जमेना. त्यांनी अंबाड्याचा काळा गोंडा सोडला, आमरी पुन्हा सालीला टेकवली आणि तान्ह्याला बाळुत्यात गुंडाळावे तशा हलक्या हाताने बांधली. मग दगडावर बसल्या आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. काही न करता बसणे त्यांना कोणी शिकवलेच नव्हते.

ढग अंगावरून गेला. मोकळ्या केसांवर थेंब जमले. रानाने त्यांनाही एक दगडच मानले असावे.

एकाएकी ढगाला भोक पडले आणि उन्हाची तिरीप हिरड्यावर उतरली. शेकरू फांदीच्या टोकाशी आले. खाली पाहिले. आणि त्याने उडी घेतली. चारी पाय पसरून, शेपटी मागे सोडून, तांब्याच्या रंगाचा तो जीव एका झाडावरून दुसऱ्या झाडावर असा गेला, की जणू मधल्या दरीने त्याला तळहातावर झेलून पलीकडे ठेवले. ओठांशी आलेले 'अगं बाई' मुक्ताबाईंनी आतच ठेवले. डोळे मात्र भरून वाहिले.

कडेला दगडाबाई वाट पाहत होत्या. "दिसलं का?"

"दिसले. पण आधी ऐका. तुमच्या देवराईत मी खुरपणी केली." मुक्ताबाईंनी काही न लपवता सगळे सांगितले.

दगडाबाईंनी त्यांच्या सुटलेल्या केसांकडे पाहिले. "बांधली म्हन्ता? मंग देवाला नारळ ठेवू. पर तिनं जीव धरला का न्हाई, ते पुढच्या पावसाळ्यात कोन बघनार?"

"मी," मुक्ताबाई चपला चढवत म्हणाल्या. "डॉक्टरांचे मी पाहून घेते."