शेरा : हालचाल

पेशीतलं पाणी तिच्या पातळ भिंतीतून किती वेगानं आत-बाहेर करतं, हे एमआरआयवर मोजायचं तर माणसानं चाळीस मिनिटं डोकं हलवायचं नाही. जरा हललं की आकड्यांचा पार विचका होतो. म्हणून सहा वर्षांपूर्वी आपल्या संशोधनासाठी तिनं मामाला यंत्रात झोपायची गळ घातली. मामा आपल्या दुकानात घड्याळं दुरुस्त करायचा; डोळ्याला भिंग लावून बसला की श्वाससुद्धा बेतानं घ्यायचा.

तरी त्याच्या चित्रात डाव्या कानामागे एक ठिपका आला. तिथलं पाणी दुप्पट वेगानं ये-जा करत होतं. काचेआडून ती माइकवर वैतागून म्हणाली, "मामा, तू हललास."

"मी? नाही गं."

"आकडे सांगतायत ना."

"मग हललो असेन बाई."

तिनं फाइलीवर 'हालचाल' असा शेरा मारला आणि ती टाकाऊत ढकलली. तीन वर्षांनी मामा गेला. डोक्यातली गाठ डाव्या कानामागेच होती. तो तर हलला होता, अशी तिनं स्वतःची समजूत घातली. पण यंत्राच्या खडखडाटात तिला ते "नाही गं" ऐकू यायचं. एकदा तर ती यंत्र थांबवून आत बघून आली. आत कुणी नव्हतं.

मग तिनं पद्धत सुधारायचा ध्यासच घेतला. दोन मोजण्यांमधला वेळ वाढवत नेला की पाण्याची ये-जा शिस्तीत बदलते, माणसाचं हलणं मात्र वाटेल तसं उड्या मारतं. जुन्या फाइलींत हे सगळं होतंच. ते वेगळं काढायची रीत तेवढी आता तिला सापडली.

आज दुपारी तिनं टाकाऊ फाइली नव्या रीतीनं तपासल्या. मामाची सर्वांत शेवटी.

हालचाल शून्य. ठिपका जागच्या जागी. तीन वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाचं पाणी स्क्रीनवर खुशाल आत-बाहेर करत होतं.

तिनं मामीला फोन लावला. "मामी, त्या दिवशी मामा हलला नव्हता. मीच चुकले."



"घरी येऊन दोन्ही हात समोर धरून बघत बसले होते," मामी म्हणाली. "म्हणाले, पोरीला दिसलं म्हणजे असणारच. आपला स्थिर हात गेला आता, मलाच कळत नाहीये."

"पण त्यानंतर दुकान तर मामानं कंटाळा आला म्हणून बंद केलं ना?"

"तसं सांगायचं ठरलं होतं. तुला वाईट वाटेल म्हणून."