घेण्यास नकार

बत्तीस वर्षं मी सोलापूरच्या कोर्टात बेलिफ होतो. समन्स आणि नोटिसा घरोघर नेऊन द्यायच्या, हे माझं काम. माणसं कागदाला किती घाबरतात, हे माझ्याइतकं कुणी पाहिलं नसेल. नातेपुत्याचा एक अडत्या मला बघून पोत्यांच्या थप्पीमागे लपला आणि तिथून स्वतःच ओरडला, 'शेठ घरी नाहीत.' वळसंगला एकानं कुत्रं सोडलं. पण आमचाही नियम होता. माणूस कागद घेत नसेल तर त्यावर 'घेण्यास नकार दिला' असं लिहायचं, तारीख-वेळ घालायची, दोन पंचांच्या सह्या घ्यायच्या आणि कागद त्याच्या दारावर डकवून यायचं. मग तो काही म्हणो, कोर्टाच्या लेखी कागद त्याला मिळाला.

माझी मुलगी देवयानी पायलट आहे. दहा-बारा तासांच्या लांबच्या फेऱ्या करते. सध्या कॅप्टनच्या शेजारी बसते, पुढच्या महिन्यात स्वतः कॅप्टन होणार होती. लहानपणी सुट्टीत ती माझ्या सायकलच्या दांडीवर बसून समन्स बजावायला यायची. कागद डकवायच्या खळीचा डबा तिच्या मांडीवर असायचा.

त्या मंगळवारी ती अचानक रजा टाकून घरी आली. जेवणात लक्ष नाही, बोलण्यात नाही. बुधवारी सकाळी चहाच्या वेळी तिनं सांगून टाकलं.

"बाबा, मोठ्या समुद्रावर रडार पोचत नाही. आम्ही कुठं आहोत ते आम्हीच कंट्रोलला कळवायचं आणि ते सांगतील त्या उंचीवर उडायचं. वरच्या आणि खालच्या विमानात हजार फूट अंतर हवं. गेल्या आठवड्यात त्यांनी आम्हाला वर चढायला सांगितलं, आणि त्याच उंचीवर समोरून दुसरं विमान येत होतं. कॉकपिटमधलं यंत्र ओरडलं म्हणून आम्ही विमान खाली दाबलं. ते डोक्यावरून गेलं. भर उन्हात त्याचं पोट दिसलं मला."

"किती वरून?"

"तीनशे फूट. मागे दोनशे ऐंशी माणसं नाश्ता करत होती."

माझी बायको दुर्गा हातातला कप तसाच धरून बसली.

पुढचं ऐकून मात्र भीती गेली आणि डोकं तापलं. देवयानीनं कंपनीच्या अॅपवर तक्रार केली होती. समुद्रावरच्या त्या पट्ट्याबद्दल सहा महिन्यांत पायलटांनी केलेली ती अकरावी तक्रार. पण तो पट्टा टाळून जायचं तर चाळीस मिनिटं जास्त आणि तेवढं इंधन जास्त. म्हणून कंपनीनं एकेक तक्रार बंद करून टाकली. देवयानीची तर तिच्या फोनवरूनही गायब झाली. त्या दिवशी तिच्या शेजारी बसलेल्या कॅप्टन दिग्विजयनी 'अंतर पुरेसं होतं' असं लिहिलेल्या कागदावर सही केली होती. आता तशीच सही हिची हवी होती. ती घ्यायला दुसऱ्या दिवशी माणूस घरी येणार होता.

"तक्रारीची पोच आहे तुझ्याकडे?" मी विचारलं.

"नाही."

"मग तू काही दिलंच नाहीस."

"बाबा, हे कोर्ट नाही," ती चिडून म्हणाली. पण दुपारभर बसून तिनं सगळं पुन्हा लिहून काढलं. दोन प्रती.

गुरुवारी अकराला कंपनीचा माणूस आला. सुबोध त्याचं नाव. पांढरी गाडी, दारावर कंपनीचं नाव. वागायला अदबशीर, चहाचं कौतुक केलं, मला काका म्हणाला.

"मॅडम, सही तेवढी करा. विमानं एकमेकांना लागली तर नाहीत ना? आणि पुढच्या महिन्यात तुमचं प्रमोशन आहे. ते कशाला बिघडवायचं?"

गोड बोलून केसानं गळा कापणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. मी उठणार होतो, दुर्गानं माझा सदरा धरून खाली बसवलं.

"मी खोटं लिहिणार नाही," देवयानी म्हणाली. "जे झालं ते यात आहे. हे घ्या आणि पोच द्या."

सुबोधनं दोन्ही हात पाठीमागे नेले. ते हात मी हजारदा पाहिले आहेत.

"हे घेण्याचा मला अधिकार नाही, मॅडम."

"सही मागण्याचा होता?"

तो उठला आणि गाडीकडे निघाला. मी एक अक्षर बोललो नाही, देवानं साक्ष द्यावी. देवयानीनंच पेन उघडलं, एका प्रतीच्या खाली चार ओळी लिहिल्या आणि फाटकात जाऊन शेजारच्या गिरणीतल्या चनबसप्पाला हाक मारली. कडक भाकरीची पाटी घेऊन केराबाई गल्लीतून येतच होती, तिलाही थांबवलं.

"आधी वाचा की," चनबसप्पा हाताचं पीठ झटकत म्हणाला. "न वाचता सही करनारा मी न्हाय."

देवयानीनं भर गल्लीत सगळा कागद वाचला. केराबाईनं पाटी खाली ठेवली. "दोन इमानं एकाच वाटंवर, आन ह्यो म्हनतो कायबी झालं न्हाय?"

मी शाईचा पॅड पुढे केला. "अंगठा कशाला? मला सही येती," ती म्हणाली, आणि सावकाश पूर्ण नाव लिहिलं.

दुर्गानं आतून खळ आणली. सकाळीच शिजवून ठेवली होती. चाळीस वर्षं संसार करून या बाईचा मला अजून अंदाज येत नाही.

अरुंद गल्लीत ड्रायव्हर अजून मागेपुढे करत गाडी वळवत होता. देवयानीनं ती थांबवली आणि कागद दारावर, बरोबर कंपनीच्या नावावर डकवला. तळव्यानं चारी कोपरे दाबले. सुबोधनं काच खाली केली. "हे काय चाललंय?"

"बजावणी," ती म्हणाली, आणि फोटो काढला.

गाडी कागद घेऊनच गेली. दुसरी प्रत फोटोसकट दुपारी विमानांच्या सरकारी चौकशी कार्यालयाकडे रजिस्टर पोस्टानं निघाली, पोचपावती जोडून.

पाच वाजता तिच्या फोनवर कंपनीचा निरोप आला. प्रमोशन रद्द, पुढील आदेशापर्यंत उड्डाण नाही. नऊ वर्षं ती त्या खुर्चीसाठी राबली होती. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. तिनं मात्र फोन पालथा ठेवला आणि केराबाईची भाकरी मोडून खायला घेतली.

"तो सुबोध उद्या पुन्हा आला तर पुन्हा डकवीन," ती म्हणाली.

तेवढ्यात फोन वाजला. कॅप्टन दिग्विजय. तिनं ऐकून घेतलं, सकाळच्या बजावणीचं सांगितलं आणि फोन माझ्याकडे दिला. "तुमच्याशी बोलायचंय म्हणतात."

"काका," तिकडून घोगरा आवाज आला, "त्या दिवसापासून मला झोप नाही. केलेली सही मागे घेता येते का?"

"सही मागे येत नाही, साहेब," मी म्हणालो. "दुसरा कागद लिहा. मी सांगतो कसा. आधी जवळपासचे दोन पंच शोधा."