दोन ब्रेकची गाडी

मित्रांनो, मी एक जुनी, दोन ब्रेकची गाडी आहे. एक ब्रेक शिकणाऱ्याच्या पायाखाली, दुसरा शेजारी बसून शिकवणाऱ्याच्या. कारखान्यातून निघाले तेव्हा मला एकच होता. दुसरा गॅरेजवाल्याने मागाहून जोडला. आता माझा रंग उडाला आहे, मागचे दार आपटल्याशिवाय लागत नाही आणि चढ आला की मला धाप लागते.

माझ्या मालकांना सगळे मास्तर म्हणतात. अर्धे गाव त्यांच्याकडे गाडी शिकले. कुणी भर चौकात मला बंद पाडले, मागून हॉर्नचा गोंगाट सुरू झाला, तरी मास्तर रागावत नसत. शिकणाऱ्याच्या चेहऱ्यावरची लाज ओसरेपर्यंत ते खिडकीबाहेर बघत बसत. फक्त एक खोड होती. कुणाचे उपकार घ्यायचे नाहीत. माझे चाक पंक्चर झाले तरी मदतीला आलेल्याला ते हात लावू देत नसत.

मग त्यांना सीटवर नीट बसवेना. आधी दोष माझ्यावर आला. सीट दबली म्हणून उशी आली, मग दुसरी उशी आली. शेवटी कळले, की मांडीत खोलवर गाठ आहे. गावातले डॉक्टर म्हणाले, की हा कॅन्सर त्यांनी फक्त पुस्तकात पाहिला आहे. उपचार मिळणार होते ते दूरच्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयात, आणि औषध यायचे होते परदेशातून. त्याची किंमत ऐकून मास्तर नुसतेच हसले. विमा कंपनीने हात वर केले.

घरात मास्तर आणि त्यांची मुलगी, दोघेच. मुलगी चष्म्याच्या दुकानात कामाला. तिने स्वतःची स्कूटर विकली, आईचे दागिने मोडले, तरी तोंडमिळवणी होईना. मग दुकानाच्या आधी आणि नंतर ती माझ्यात बसून शिकवण्या घेऊ लागली. माझे सर्व्हिसिंग पुढे ढकलले गेले, आणि तिचे जेवणही.

दर थोड्या दिवसांनी आम्ही शहराची वाट धरायचो. ती चालवायची आणि मास्तर शिकवणाऱ्याच्या जागेवर पाय लांब करून बसायचे. जाताना तिचे गिअर कुठे चुकले ते सांगायचे. येताना काच खाली, मांडीवर उलटीसाठी पिशवी आणि कुणाच्याच तोंडून शब्द नाही. मास्तरांना आत सलाईन लावले की ती रुग्णालयाच्या वाहनतळावर येऊन माझ्या स्टिअरिंगवर डोके टेकायची. जरा डोळा लागला की रखवालदार काच वाजवून गाडी मागे घ्यायला सांगायचा. ती मुकाट्याने मागे घ्यायची. भांडायलाही अंगात जोर लागतो, मित्रांनो.

एकदा येताना, दुपारच्या सरळ रस्त्यावर, तिचे डोळे मिटले. मी हळूहळू समोरून येणाऱ्या ट्रककडे सरकू लागले. तेवढ्यात मास्तरांनी स्टिअरिंगला हिसका दिला आणि दुखरा पाय दुसऱ्या ब्रेकवर दाबला. मी किंचाळत कडेच्या मातीत थांबले. ट्रक गेला. माझे इंजिन टकटक करत होते.

“पुरे आता,” मास्तर म्हणाले. “औषध बंद करू. ही गाडी विकून टाक, थोडं देणं फिटेल. माझ्यापायी तू जायचीस.”

मुलीने हँडब्रेक ओढला. मग म्हणाली, “बाबा, मी दमलेय. खूप दमलेय. पण दमले म्हणजे तुम्ही नकोसे झालात, असं नाही. मला फक्त झोप हवीय हो.”

घरी पोचल्यावर ती आत गेली, पण मास्तर माझ्यातच बसून राहिले. फोन खिशातून काढला, परत ठेवला, पुन्हा काढला. शेवटी त्यांनी बेकरीवाल्या ताईंना फोन लावला. ताई त्यांच्याकडेच शिकलेल्या; परीक्षेत तीनदा नापास होऊन चौथ्यांदा सुटलेल्या. “एक काम होतं,” मास्तर म्हणाले. घसा खाकरला. “नाही जमलं तर तसं सांगा, मी काही मनात धरणार नाही.”

पुढच्या खेपेला ताई पहाटेची भट्टी नवऱ्यावर सोपवून हजर झाल्या. मुलगी नको नको म्हणत होती. ताईंनी तिच्या हातातून किल्ली काढून घेतली आणि मागची सीट दाखवली. गाव संपायच्या आत तिला गाढ झोप लागली, तोंड उघडे टाकून.

“खड्डे चुकवा,” मास्तर कुजबुजले. “पोर झोपलीय.”

ताईंनी मास्तरांकडे शिकलेल्या आणखी तिघांना सांगितले, आणि पाळ्या लागल्या. त्यांच्यातल्याच एकाने न विचारता माझे ऑइल बदलले. गाठ गेलेली नाही; पण वाढायची थांबली आहे, असे परवा डॉक्टर म्हणाले. औषध चालूच आहे, देणेही आहेच. मास्तर, मुलगी आणि मी, आम्ही तिघेही थकलेलो आहोत.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या ओळखीत कुणी आजारी माणसाचे करत असेल, तर ‘काही लागलं तर सांगा’ म्हणून निघून जाऊ नका. काय लागते ते सांगण्याचेही त्राण त्यांच्यात उरलेले नसते. एक दिवस ठरवा, त्यांच्या दारात जा आणि किल्ली मागून घ्या.