कोंबड्याची ढाल

मी एक जुनी ढाल आहे, आणि गेली कित्येक वर्षे थीब्जच्या देवळात खुंटीला लटकते आहे. मित्रांनो, मी इथली नव्हे. मी अथेन्सची. माझे लाकूड एका परदेशी कारागिराने वाकवले, त्यावर काशाचा पत्रा ठोकला आणि मधोमध लाल कोंबडा काढला. कोंबड्याच्या शेपटीला तीन पिसे कमी पडली, म्हणून मालकाने कारागिराला शिव्या घातल्या.

मालकाचे नाव लुसानिअस. जमीनजुमला भरपूर, काम शून्य. मी त्याच्या बैठकीच्या भिंतीवर असे. खाली हे लोक कोचांवर आडवे पडून पाणी घातलेली दारू पीत आणि सद्गुणाची वाटणी करीत. लुसानिअस म्हणे, "राज्य करणाऱ्याला शहाणपण हवं, लढणाऱ्याला शौर्य. हातानं राबणाऱ्यानं आपली पायरी ओळखली की झालं. त्या स्मिक्रिअस चांभाराचंच बघा. बसून बसून पाठ वाकली, मनही वाकलंच असणार. ज्याला फावला वेळ नाही, त्याच्या अंगी गुण येणार कुठून?" सगळे माना डोलवत. ते ऐकताना मला शिसारी येई.

मग थीब्जशी युद्ध आले. आमच्याकडे रांगेत ढाल डाव्या हातात धरतात. तिची अर्धी बाजू आपल्याला झाकते, उरलेली अर्धी डावीकडच्या माणसाला. लुसानिअसच्या डावीकडे नेमका स्मिक्रिअस आला. त्याने पोटाला चिमटा काढून हत्यारे घेतली होती. "मालक, जरा माझ्याकडं सरका," तो म्हणाला. "कोणाशी बोलतोस ते बघ," लुसानिअस म्हणाला. थीब्जचे भाले दिसले मात्र, या शौर्याच्या गुरूने मला चिखलात भिरकावले आणि शेपूट घालून पळाला. स्मिक्रिअसची उजवी बाजू उघडी पडली. तो हलला नाही. भाला त्याच्या उजव्या हातातून आरपार गेला.

शत्रूने मला उचलले, माझा पट्टा कापला आणि विजयाची खूण म्हणून इथे टांगले. पुढचे मला येणाऱ्याजाणाऱ्यांच्या बोलण्यातून कळले. लुसानिअसने खुशाल शपथेवर सांगितले, की आधी चांभार पळाला आणि म्हणून रांग फुटली. त्याची स्वतःची ढाल म्हणे एका जखमीला झाकून अथेन्सला न्यायला दिली होती. न्यायसभेने मान डोलवली. स्मिक्रिअसचा सभेत बोलायचा हक्क गेला, बाजारचौकात पाऊल ठेवायला बंदी झाली. त्याचे दुकान चौकातच होते. मला ओळखणारा एक अथेन्सकर इथे यावा, एवढीच माझी आस होती. मी इथे आहे, एवढे त्याने तिकडे सांगितले असते तरी पुरे होते.

परवा अथेन्सहून दोघे आले, तहाची बोलणी करायला. एक लुसानिअस, आता चांगला गुबगुबीत. दुसरा टिमोकेडीस, त्याच न्यायसभेत बसलेला म्हातारा. म्हाताऱ्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिले.

"लुसानिअस, हा कोंबडा तुझा ना? अर्ध्या शेपटीचा."

"कोंबडे काय, सगळे सारखेच."

"तुझ्याकडे जेवलोय मी, बाबा. मग तो चांभार पळाला नव्हता तर."

लुसानिअसने कपाळावरचा घाम पुसला. मला वाटले, सुटला स्मिक्रिअस.

टिमोकेडीस हळूच म्हणाला, "हे बाहेर गेलं, तर उद्या प्रत्येक कुंभार नि लोहार विचारील, की तुम्हीच का राज्य करायचं. काय सांगायचं त्यांना? आपल्या घरात गुण उपजत असतो, असंच सांगत आलो ना आपण?"

"मग?"

"मग काही नाही. पुढच्या वेळी ढाल कोरी ठेव."

दोघे हसले आणि बाहेर जेवायला गेले.

मित्रांनो, मला पुसा, तेल लावा, असे मी म्हणणार नाही. चकाकून मी कोणाचे भले करणार? माझी एकच विनंती आहे. सद्गुणावर बोलताना ज्याचे तोंड थकत नाही, असा माणूस रांगेत दिसला, तर कृपा करून त्याच्या डावीकडे उभे राहू नका.