साक्षीदार हवा, उमेदवार नको

शनिवारी दुपारी घरी देखभालीला येणाऱ्या मॅरिसेलने पत्रपेटीतून आणून जे पाकीट एल्डन स्कोव्हच्या मांडीवर टाकलं, ते त्यानेच सोमवारी पाठवलेलं होतं. आत टपालाने दिलेलं त्याचं मत, आणि वर पिवळी चिठ्ठी. अक्षर गावची निवडणूक सांभाळणाऱ्या टाउन क्लार्क आर्डिस बुश्कोचं. साक्षीदाराचा पत्ता नाही, चालणार नाही, नवीन मतपत्रिका आणि नवीन पाकीट सोबत जोडलं आहे.

एल्डनने जुनं पाकीट उलटं करून बघितलं. साक्षीदाराच्या जागी पोस्टमन रॉलीची झोकदार सही होती, आणि खाली पत्त्याच्या रकान्यात रॉलीने लिहिलं होतं, ‘आर्डिसला माहीत आहे.’

आता हे खोटं नव्हतं. आर्डिसला माहीत होतंच. रॉली तिचा सख्खा चुलतभाऊ. गेल्या थँक्सगिव्हिंगला त्याच्याच घरी बसून तिने टर्कीची तंगडी फोडली होती. लिटल ॲशसारख्या छोट्या गावात कोणी कोणाला पत्ता सांगतच नाही. जळलेल्या गोठ्याच्या पुढे, पूर्वी मोठी चिंच होती तिथे, म्हणतात ना आपल्याकडे, तसलाच प्रकार. पण कायद्याला चुलतभाऊ नसतात.

एल्डनने लगेच रॉलीला फोन लावला. रॉलीची बायको मागे गाणं लावून बसलेली. ते दोघं फ्लोरिडात समुद्रावर पोचले होते, दहा दिवसांसाठी. रॉली म्हणाला, अरे हो का, सॉरी यार, आणि इथे पाणी काय मस्त गरम आहे म्हणून सांगायला लागला. एल्डनने फोन ठेवला.

मतदान मंगळवारी. आणि मंगळवारी सकाळी साडेसातला एल्डनच्या मोडलेल्या पायाचं दुसरं ऑपरेशन, चाळीस मैल लांबच्या शहरात. म्हणजे सोमवारी दुपारीच निघायचं. मार्चमध्ये छपरावरचा बर्फ काढताना तो शिडीसकट खाली आला होता, तेव्हापासून मांडीपासून घोट्यापर्यंत लोखंडी पट्ट्या. पाय सरळ काठीसारखा पुढे. शेजारीपाजारी त्याला फाटक म्हणायला लागले होते, कारण खोलीत जायचं तर आधी त्याला उघडावं लागे.

तुम्ही म्हणाल, एक मत गेलं तर गेलं. चीजच्या कारखान्यात तीस वर्षं काढलेला हा माणूस इतर वेळी असंच म्हणाला असता. पण या वेळी मतपत्रिकेवर उमेदवारांच्या खाली एक प्रश्न होता. बॉग रोडच्या पुलापलीकडच्या दोन मैलांवरचा बर्फ टाउनने, म्हणजे गावच्या कारभाराने, यापुढे काढावा की नाही? पुलापलीकडे घर एकच. एल्डनचं. हिवाळ्यात चार-साडेचार महिने रस्ता बंद म्हणजे घर बंद. मग मुलीकडे ॲरिझोनाला जाऊन राहायचं. तिथे उन्हाने पालीसुद्धा सावली शोधतात, आणि मुलगी क्रिस्टन संध्याकाळी सहाला जेवायला लावते, सॅलड.

थोडक्यात, सगळं गाव एकट्या एल्डनवर मत देणार होतं. आणि एल्डनला पक्कं ठाऊक होतं की गाव त्याच्यावर खूष नाही.

का नाही, ते ऐका. जानेवारीत टाउन हॉलमध्ये उमेदवार ठरवायची सभा असते. कोणीही उठायचं, कोणाचंही नाव घ्यायचं, दुसऱ्याने हो म्हणायचं, झालं. दरवर्षी तीच पाच-सहा नावं, तीच कॉफी, त्याच लिंबाच्या गोड वड्या. त्या दिवशी संध्याकाळी फुटबॉलची मोठी मॅच होती आणि सगळ्यांचं लक्ष घड्याळाकडे. एल्डनला लहर आली. तो उठला आणि सुपरवायझरसाठी, म्हणजे गावच्या कारभाऱ्याच्या जागेसाठी, हार्लन थीलेचं नाव घेतलं. हार्लन पेंगत होता. मग खजिनदार म्हणून हार्लनची बायको लूएला. मग कॉन्स्टेबल म्हणून पास्टरसाहेब, जे फक्त खुर्च्या मांडायला आले होते. मायलो प्रोकॉप, त्याचा भाऊ, भावाची बायको, ज्या कोणाचा डोळा लागलेला किंवा तोंडात वडी होती त्या प्रत्येकाचं नाव. घरी जायची घाई असल्यामुळे मागून कोणीतरी दर वेळी ‘हो’ म्हणत होतं. शेवटी त्याने क्लार्कच्या जागेसाठी आर्डिसविरुद्ध तिच्याच नवऱ्याचं, व्हर्नचं नाव घेतलं, तेव्हा आर्डिस सभेचा वृत्तांत लिहीत होती. तिने मान वर केली नाही. स्पेलिंग बरोबर लिहिलं आणि पुढे गेली.

एल्डनला वाटलं, दोन दिवसांत सगळे माघार घेतील आणि वर्षभर हसायला विषय मिळेल. पण नाव आल्यावर मागे हटणं लिटल ॲशला जमत नाही. हार्लनने अर्जावर सही केली म्हणून मायलोने केली, मायलोने केली म्हणून त्याच्या भावाने. लूएलाने तर रस्त्याच्या कडेला पाट्या लावल्या. बॉग रोडच्या पुलाअलीकडच्या नऊ घरांत मिळून अकरा उमेदवार झाले. बाकीचं गाव मैलोनमैल पसरलेलं, आणि त्यातल्या कोणाकडे उपकार मागायला एल्डनला तोंड नव्हतं.

आता नव्या पाकिटावर काय छापलं होतं बघा. साक्षीदार सज्ञान हवा, अमेरिकेचा नागरिक हवा, आणि या मतपत्रिकेवर उमेदवार नको. त्यापुढे कंसात बारीक अक्षरात आणखी काहीतरी होतं, पण एल्डनचा चष्मा शिडीबरोबरच गेला होता आणि मॅरिसेलच्या वाचायच्या चष्म्यातून त्याला तेवढंच दिसलं.

मॅरिसेल समोरच उभी होती. सज्ञान, शहाणी, रोज त्याच्या पायाला पट्ट्या बांधणारी. पण ती फिलिपाईन्सची. नागरिकत्वाची परीक्षा जूनमध्ये. तिला सगळे राष्ट्राध्यक्ष ओळीने पाठ होते. एल्डनने तिला आजच परीक्षा देता येईल का विचारलं, तेव्हा तिने त्याच्या तोंडात थर्मामीटर घातला.

मग त्याने आर्डिसला फोन केला. आर्डिसचं ऑफिस म्हणजे तिचं स्वयंपाकघर. मागे भांड्यांचा आवाज येत होता.

"हार्लन चालेल का?" एल्डनने विचारलं.

"हार्लन सुपरवायझरला उभा आहे. नाही चालणार."

"मायलो?"

"तोही."

"मायलोची वहिनी?"

"तीही. तूच उभं केलंस तिला, एल्डन. मी स्वतः लिहून घेतलं."

"पास्टर तरी?"

"कॉन्स्टेबल," आर्डिस म्हणाली, आणि तिच्या आवाजात कुठेतरी साखर सांडल्यासारखं वाटलं. "आणखी कोणाचं विचारायचंय?"

त्याने आणखी सात नावं विचारली. तिने सात वेळा नाही म्हटलं, एकदाही वैतागली नाही. वैतागला तो. शेजारच्या गोठ्यात दूध काढणाऱ्या एर्नेस्तोचं विचारलं तर तो नागरिक नाही. थीलेंची मोठी मुलगी चालली असती, पण ती अजून सतरा वर्षांची, वाढदिवस गुरुवारी. गुरुवारी! नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, पण नकटीला निदान नवरा तरी मिळालेला असतो.

रविवार असाच गेला. चर्चमधून लोक भेटायला आले, हातात ओव्हनमध्ये भाजलेल्या कॅसरोलची भांडी घेऊन. एकेकाला बघून एल्डनच्या जिवात जीव यायचा आणि लगेच जायचा. दारातून आत येणारा प्रत्येक माणूस उमेदवार. पास्टरसाहेबांनी त्याच्या पायासाठी प्रार्थना केली, आणि जाता जाता कॉन्स्टेबलला गाडी स्वतःची वापरावी लागते का, हे एल्डनलाच विचारलं. हार्लन सोफ्यावर बसून बर्फाच्या खर्चाबद्दल बोलला. बर्फ काढायच्या गाडीचं डिझेल, ड्रायव्हरचा ओव्हरटाइम, पुलाचा कठडा. सुपरवायझर म्हणून त्याला या सगळ्याचा विचार करावा लागतो, असं तो म्हणाला. अजून निवडून आला नव्हता, पण तोंड मात्र निवडून आल्यासारखं. तू कशाला मत देणार, असं एल्डनने सरळ विचारलं. हार्लन म्हणाला, ते गुप्त असतं ना, आणि बटाट्याचं कॅसरोल फ्रीजमध्ये ठेवून निघून गेला.

एल्डनचं डोकं फिरायची वेळ आली. एक सही. एवढ्या मोठ्या देशात एक सही आणि खाली एक पत्ता. चंद्रावर माणूस पाठवला यांनी.

सोमवारी सकाळी त्याने कधी नव्हे ते दार उघडं ठेवून खिडकीशी खुर्ची लावली. कोणी अनोळखी गाडी गेली तर हाक मारायची. पण पुलापलीकडे अनोळखी गाडी कशाला येईल? दोन तासांत एक खार गेली. रॉलीच्या जागी आलेली बदली पोस्टमनबाई पुलाजवळच्या पेटीत टपाल टाकून तिथूनच वळली. एल्डनने इतक्या जोरात हाक मारली की मॅरिसेल बाथरूममधून धावत आली. पोस्टमनबाईने हात हलवला आणि गेली. छान स्वभावाची वाटली.

तीन वाजता लूएला थीले गाडी घेऊन येणार होती, शहरात सोडायला. अडीचला एल्डनची पिशवी भरून झाली. मतपत्रिका स्वयंपाकघरातल्या टेबलावर कोरी पडली होती. त्याने क्रिस्टनला फोन करून सांगितलं की बहुतेक हिवाळ्यात यावं लागेल. ती म्हणाली, बाबा, या ना, मी केव्हाची म्हणतेय, खोलीत पंखा पण बसवलाय. तिच्या आवाजातला आनंद ऐकून त्याला आणखीच कसंतरी झालं. तो म्हणाला, पंख्याचं बघू. खिडकीतून त्याचं लाकडाचं कोठार दिसत होतं, आणि त्यापलीकडे दलदलीतली लार्चची झाडं. एप्रिल असून पायथ्याशी अजून बर्फ होता.

पावणेतीनला गाडी वाजली. लूएला आली असेल म्हणून त्याने कुबड्या घेतल्या. पण दारात आर्डिस. रबरी बूट, हातात शिक्क्यांची पेटी, डोक्यावर व्हर्नची शिकारीची नारिंगी टोपी.

"मिळाला का साक्षीदार?" तिने विचारलं.

एल्डनने तिला जे सांगितलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यात मतदानाचा कायदा होता, तो करणारे होते, रॉली होता आणि फ्लोरिडाचं गरम पाणी होतं.

आर्डिसने सगळं ऐकून घेतलं. मग बूट काढले, टेबलापाशी बसली, पाकीट त्याच्याकडे सरकवलं आणि त्या बारीक कंसावर बोट ठेवलं. त्याला दिसत नव्हतं, म्हणून तिनेच वाचून दाखवलं. साक्षीदार उमेदवार नको. पदावर असलेल्या क्लार्कचा अपवाद.

 मॅरिसेलने उगाचच सिंकमधला एक कप पुन्हा धुतला.

"म्हणजे तू चालतेस," एल्डन म्हणाला.

"मी चालते."

"शनिवारपासून चालतेस."

"मी कायमच चालते. वीस वर्षं चालतेय."

"मग सांगितलं का नाहीस, बाई?"

"तू हार्लनचं विचारलंस, मी सांगितलं. मायलोचं विचारलंस, सांगितलं. अकरा जणांचं विचारलंस, एर्नेस्तोचं विचारलंस, थीलेंच्या मुलीचं विचारलंस. माझं कुठे विचारलंस?" तिने टोपी काढली. "जानेवारीपासून व्हर्न आरशासमोर उभा राहून भाषण करतोय, एल्डन. मला, माझ्याच स्वयंपाकघरात. माझ्याविरुद्ध. रोज सकाळी, अंडी होईपर्यंत."

एल्डनला हसू यायला लागलं, पण तो हसणार नव्हता. दोन दिवस त्याचा जीव टांगणीला लावला होता या बाईने. त्याने ओठ दाबले. पाय दुखला.

"चल, आटप," ती म्हणाली. "कोरी आहे ना दाखव मला. आता मी खिडकीकडे तोंड करते. रस्त्याबद्दल मी काही बोलणार नाही, तूही बोलायचं नाही, नाहीतर पुन्हा पाकीट बाद."

ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. एल्डनने आधी रस्त्याच्या प्रश्नापुढचा ‘हो’चा गोल भरला. इतका दाबून भरला की कागद मागून फुगला. मग वर क्लार्कच्या जागेवर आला. आर्डिस, व्हर्न. त्याने तिच्या पाठीकडे बघितलं. तिच्या स्वेटरला पाठीमागे पीठ लागलेलं होतं. त्याने गोल भरला, घडी घातली, पाकीट चिकटवलं, सही केली. आर्डिसने खाली सही केली आणि पूर्ण पत्ता लिहिला, पिनकोडसकट, छापल्यासारखा. मग पाकीट पेटीत ठेवलं आणि कॅसरोल कोणाचं म्हणून विचारलं. लूएलाचा हॉर्न वाजला.

बुधवारी सकाळी दवाखान्यात, पाय वर टांगलेला असताना, फोन आला. आर्डिसने निकाल वाचला, प्रश्नापासून. बर्फ काढत राहावा, एकशे चार. काढू नये, त्र्याहत्तर.

 एल्डनच्या छातीवरचा दगड उतरला होता हे खरं. पण दगड उतरताच खालून राग निघाला.

"एकतीस मतांनी?" तो म्हणाला. "मग मी तीन दिवस कशासाठी जिवाचं पाणी केलं? माझ्यावाचून काही अडत नव्हतं."

"तुझं नसतं तर तीस झाली असती," आर्डिस म्हणाली. "हार्लन काल केंद्रावर सगळ्यांना सांगत होता, त्या माणसाला ॲरिझोनाला पाठवलं तर आपण हिवाळ्यात चिडायचं कोणावर. आता तो निवडूनही आलाय. त्याने मला सांगितलंय, पुलाचा कठडा आधी बदलायचा."

हार्लन. जो सोफ्यावर बसून डिझेलचा हिशोब ऐकवून गेला.  एल्डनने नर्सला सांगून खाट थोडी वर करून घेतली, नाक शिंकरलं, आणि आपल्याला सर्दी झाल्याचं आर्डिसला सांगितलं.

"ती त्र्याहत्तर कोण?" मग त्याने विचारलं.

"ते गुप्त असतं."

"नुसतं हो-नाही सांग. मी नावं घेतो. मायलोचा भाऊ?"

आर्डिसने फोन ठेवला. एल्डनने नर्सकडून कागद आणि पेन मागून घेतलं, पाय टांगलेला तसाच ठेवून कागदाच्या डोक्यावर त्र्याहत्तर लिहिलं, आणि पहिल्या ओळीत मायलोच्या भावाचं नाव, त्याच्यापुढे पूर्ण पत्ता.